मामाचं घुंगरू आणि साडेदहा फुटी रॉड

माझ्या दुकानात, डोळे तपासायच्या खोलीत दाराच्या मागे १४ फुटी रॉड तीन तुकडे होऊन उभा असतो. गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं, तक्ता वाचायला लागतं आणि अक्षरं लागेनाशी झाली की नजर हमखास तिकडे वळते. आतापर्यंत तो पडद्याचा दांडा ठरला आहे, केबलवाल्याची काठी ठरला आहे, आणि एका आजोबांच्या मते आंबे उतरवायचा झेला. मासे धरायचा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “कुठे, मुठेत?”

मुठेत नाही हो. कोथरूडहून निघायचं, चांदणी चौक, पौड, मुळशी करत ताम्हिणी उतरायची, मग माणगाव, म्हसळा आणि दिवेआगर. चार-साडेचार तास. तिथे माझा मामा राहतो, आणि मामाच्या घरापासून पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, चालत सात मिनिटांवर आहे.

गेल्या महिन्यात दोन जणांनी दुकानातच विचारलं, रात्री किनाऱ्यावरून गळ टाकायला कोणता रॉड घेऊ. दोघांनाही तोंडी सांगत बसले आणि मागची माणसं ताटकळली. एक बाई तर चष्म्याची काच न बसवताच निघून गेल्या. म्हणून इथे लिहून टाकते. पुढच्या वेळी लिंक देईन आणि काच बसवीन.

तर मामा. मामा गरवतो. कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात आणि त्यासाठी रॉड लागतो हे मामाला मान्य नाही. त्याच्याकडे लाकडाच्या फळकुटावर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे गळाचा दोर, टोकाला शिसं, वीतभर वर गळ. डोक्याभोवती दोनदा गरगरवून तो सोडून देतो. शिसं पंचवीस-तीस पावलं जातं. मग तंगूस तर्जनीवर घेऊन उकिडवा बसतो आणि अंधारात समुद्राकडे तोंड करून विडी ओढतो. मी लहान असताना त्याच्या फळकुटाला एक घुंगरू बांधलेलं होतं, आजीच्या म्हशीच्या गळ्यातलं. मासा लागला की बोटाला आधी कळायचं आणि घुंगराला नंतर. ते घुंगरू माझ्यासाठी होतं, मला झोप लागू नये म्हणून.

माझा पहिला रॉड २०१८च्या दिवाळीतला. नवरा आणि मी दुकानात गेलो. रॉड मला हवा होता, पण विक्रेता सगळं नवऱ्याला सांगत होता. नवऱ्याला मासे खायला आवडतात, बाकी त्याचा त्यांच्याशी संबंध नाही. तो मान डोलवत राहिला. “जेवढा लांब रॉड, तेवढी लांब फेक,” असं ऐकून आम्ही १४ फुटी रॉड घेऊन बाहेर पडलो. त्याच्यावर १०० ते २५० ग्रॅम असं छापलेलं आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. वजन सांगत नाही, पण २५० ग्रॅम शिसं भिरकावण्याइतकं नाही.

रॉड म्हणजे स्प्रिंग, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मागे नेऊन पुढे ओढला की शिशाच्या वजनाने तो वाकतो, आणि सरळ होताना ते शिसं फेकतो. छापलेले ग्रॅम म्हणजे तो किती वजनाला नीट वाकतो त्याचा हिशोब. कमी वजन लावलं तर वाकतच नाही, नुसती काठी हलवल्यासारखं होतं. जास्त लावलं तर फेकीत मोडू शकतो. आणि काठी जितकी लांब, तितका हातावर भार जास्त, कारण तुम्ही तिला तळाशी धरलेलं असतं. खूप उंच आणि दणकट माणसाला १४ फूट लाभतात. मला ते वळवताना माझंच अंग वळायचं आणि शिसं सरळ जाण्याऐवजी आभाळात.

एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. रात्रीचा रॉड डोळे मिटून निवडायचा. खरोखर मिटून, दुकानात, लोक बघत असताना.

मी हल्ली असं करते. रॉड पूर्ण जोडायला लावते. रीळही, म्हणजे दोर गुंडाळायची चकरीही, बसवायला लावते, नुसता रॉड हातात घेऊन काही कळत नाही. बूड काखेत धरते आणि हात लांब करते. रिळाची बैठक जिथे आहे तिथे माझी मूठ सहज पोचली पाहिजे. पोचत नसेल तर रॉड कितीही चांगला असो, तो दुसऱ्या कुणासाठी केलेला आहे. माझ्या १४ फुटी रॉडवर ही बैठक माझ्या बोटांच्या टोकांपासून चार बोटं पुढे आहे. चार बोटांसाठी मी दोन वर्षं खांदा दुखवून घेतला.

मग डोळे मिटून रॉड नुसता धरायचा. टोक जमिनीकडे ओढ घेतंय का? रीळ बसवल्यावर तोल मुठीत येतो का? रात्री रॉड दिसत नाही, त्याचं वजन फक्त जाणवतं. पुढे जड असलेला रॉड हातात धरून तासभर उभं राहून बघा, दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलवत नाही.

पर्समध्ये मी १०० ग्रॅमचं शिसं ठेवते. मेट्रोच्या तपासणीत एकदा त्यावरून बरंच बोलणं झालं, ते असो. टोकाजवळ ते लटकवून रॉड हळूच वर-खाली हलवायचा. फक्त वरचा चतुर्थांश वाकत असेल तर रॉड चपळ आहे, पण सोडायची वेळ अचूक लागते. वाक अर्ध्यापर्यंत उतरत असेल तर तो थोडा आळशी आहे आणि चूक पोटात घालतो. दिवसा खेळणाऱ्याने चपळ घ्यावा. अंधारात नव्याने उतरणाऱ्याने दुसरा घ्यावा, कारण अंधारात वेळ चुकणारच.

कापसाचा बोळा ही माझी दुकानातली युक्ती. तंगूस ज्या कड्यांतून जातो त्या प्रत्येक कडीच्या आतून बोळा फिरवायचा. आतल्या चिनी मातीसारख्या रिंगेला केसाएवढा तडा असेल तर कापसाचे तंतू अडकतात. तो तडा डोळ्याला दिसत नाही, अगदी माझ्या भिंगाखालीसुद्धा कधीकधी नाही, पण तंगूस कापतो. विक्रेत्याला हे आवडत नाही. न आवडू दे.

फोल्डिंग, म्हणजे एकात एक सरकणारा रॉड, प्रवासाला सोयीचा आहे हे खरं. पण सरकत्या सांध्यात वाळू गेली की रात्री अकरा वाजता तो ना पूर्ण उघडतो ना पूर्ण मिटतो. शिवाय कड्या एका रेषेत आहेत की नाहीत हे प्रत्येक वेळी बघावं लागतं, आणि बघणंच तर बंद आहे. दोन तुकड्यांचा घ्या. माझा आत्ताचा रॉड साडेदहा फुटी आहे, ८० ते १२० ग्रॅमचा, प्रत्येक तुकडा सव्वापाच फूट. तो आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभा राहतो आणि छोट्या गाडीत पुढच्या दोन सीटच्या मधून मागच्या काचेपर्यंत आरामात जातो. १२ फुटी घेतलात तर सहा फुटांचे तुकडे होतात. लिफ्टमध्ये तो तिरका धरावा लागतो आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू विचारतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मी एम-सीलचा मोहरीएवढा ठिपका लावला आहे. अंगठ्याने दोन ठिपके एका ओळीत आणले की कड्या सरळ. बॅटरी पेटवायला लागत नाही.

रिळाबद्दल. दोन जाती. पतंग उडवलेल्यांना पटकन समजेल. एका जातीत रीळ आडवं असतं आणि आसारीसारखं स्वतः फिरून दोर सोडतं. दुसऱ्या जातीत रीळ जागेवर उभं असतं आणि दोर त्याच्या तोंडावरून वेटोळ्यांनी निसटतो, शिवणाच्या दोऱ्याचं रीळ उभं धरून वरून दोरा ओढल्यासारखा. ही दुसरी कल्पना आलीच मुळी कापडगिरणीतून. ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ नावाच्या गिरणीवाल्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं, गिरणीतल्या बॉबिनवरून दोरा कसा सुटतो ते बघून. दोर सुटताना रिळाला फिरावंच लागत नाही, त्यामुळे हलकं वजनही दूर जातं.

आडव्या रिळाचे भक्त असतात आणि ते खोटं बोलत नाहीत. तरबेज अंगठ्याखाली ते सुंदर चालतं, मोठ्या माशाशी झुंजायला दमदार असतं. पण शिसं पाण्यावर पडलं आणि आसारी फिरतच राहिली तर दोर आतल्या आत उसळून असा गुंता होतो की दिवाळीत तोरणाच्या दिव्यांचा काय होईल. शिसं पडलं कधी, हे दिवसा दिसतं. रात्री फक्त ऐकू येतं, आणि लाटा मोठ्या असल्या तर तेही नाही. मी एकदा उसनं घेतलेलं आडवं रीळ अमावास्येला वापरलं. लाल बॅटरीखाली पाऊण तास गुंता सोडवला आणि शेवटी कात्री लावली. रात्रीसाठी उभं रीळ. वाद नको.

ते घेताना आकाराचा नंबर ५००० ते ६००० च्या आसपास बघा, पण कंपनीगणिक हे नंबर बदलतात, म्हणून रॉडला लावून तोल बघणं महत्त्वाचं. दोर रिळाच्या काठापासून दोनेक मिलिमीटर कमी भरायचा. काठोकाठ भरला तर वेटोळी आपोआप सांडतात, कमी भरला तर काठाला घासून फेक आखडते. मी ०.३५ मिलिमीटरचा साधा नायलॉन वापरते. विणलेला दोर, ज्याला ब्रेड म्हणतात, बारीक आणि मजबूत असतो, माशाचा टोचाही छान कळवतो, पण अंधारात त्याच्या सैल वेटोळ्यांच्या गाठी बसतात आणि बोट कापतो. दोराच्या पुढे लीडर, म्हणजे जाड दोराचा तुकडा, लागतोच. फेकीचा पूर्ण झटका तोच सोसतो. जुना हिशोब असा की शिशाच्या प्रत्येक औंसामागे दहा पाउंड. औंस म्हणजे २८ ग्रॅम. १०० ग्रॅमला साडेतीन औंस, म्हणजे किमान ३५ पाउंड. मी ५० चा लावते. लीडर एवढा लांब हवा की फेकायच्या पवित्र्यात रिळावर त्याचे सहा-आठ वेढे उरतील.

आता फेक. पुण्यात बसून समुद्रावरच्या फेकीचा सराव कुठे करायचा? भूगावच्या पुढे प्लॉट पाडून ठेवलेलं एक माळरान आहे, अजून घरं झालेली नाहीत. रविवारी सकाळी साडेसहाला मी तिथे जाते. गळ लावायचा नाही, फक्त शिसं, आणि तेही जुन्या मोज्यात शिवलेलं. समोर आणि दोन्ही बाजूंना माणूस, गाय, कुत्रं कुणी नाही हे फिरून बघून यायचं. पहिल्या रविवारी दोन सायकलवाले थांबले आणि एकाने विचारलं, “काकू, सिग्नल मिळतोय का?”

डावा पाय पुढे. उजव्या हाताच्या बोटांत रिळाचा दांडा, डावा हात बुडाशी. टोकापासून शिसं साधारण चार फूट लोंबतं ठेवायचं. रिळावर दोर अडवून धरणारी तारेची कमान उघडायची, पण त्याआधी दोर तर्जनीवर घ्यायचा. रॉड खांद्यावरून मागे, शिसं मागे स्थिर होऊ द्यायचं. मग उजवा हात पुढे-वर ढकलतो आणि त्याच क्षणी डावा छातीकडे खाली ओढतो. माझी सगळी चूक इथे होती. मी सगळं उजव्याने ढकलायचे. खरी ताकद डाव्याच्या ओढीत आहे आणि तिच्या खाली कमरेत. रॉड समोर तिरका आला की बोट सोडायचं. लवकर सोडलं तर शिसं आभाळात, उशिरा सोडलं तर दहा पावलांवर धप्प. शिसं उतरणीला लागलं की डाव्या हाताची बोटं रिळाच्या काठाला हलकेच टेकवायची, म्हणजे जादा वेटोळी सुटत नाहीत. नंतर होणाऱ्या निम्म्या गाठी इथेच वाचतात.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. रिळाचा क्लच, म्हणजे ओढ बसली की रीळ फिरू देणारी कळ, फेकताना घट्ट आवळलेला असावा. सैल राहिला तर झटक्यात रीळ फिरतं आणि दोर बोटातून करवतीसारखा जातो. माझ्या तर्जनीवर त्याची खूण आहे. आता मी चामडी बोटशी घालते, बोहरी आळीतल्या एका हातमोज्याचं बोट कापून केलेली. तिथेच पीव्हीसी पाइपही घेतला, तीन फुटी, एक टोक तिरकं कापून. वाळूत ठोकला की रॉड उभा करायचा स्टँड झाला.

सहा रविवार झाल्यावर मी डोळे मिटून फेकायला लागले. दोन्ही रॉडनी दहा-दहा फेकी, पावलांनी मोजल्या. १४ फुटीची सर्वांत लांब फेक ९० पावलं, साडेदहा फुटीची ११०. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, “तुझी पावलं लहान आहेत.”

मग मामाकडे.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे मामाने मला पाढ्यांच्या वयात शिकवलं. अष्टमीला आठाची पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. अमावास्येला पंधराची पाऊण सव्वाअकरा. ॲपमध्ये मिनिटांपर्यंत कळतं, ते मीही बघते, पण किती तारखांना जायचं हे ठरवायला पाऊणकी पुरते. मला अमावास्येच्या आसपासचे दिवस हवे असतात. रात्री सव्वाअकरा-बाराला भरती, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. सूर्य बुडायच्या आधी उघडी पडलेली पुळण चालून बघायची. वाळू सपाट दिसते, पण कुठेतरी किनाऱ्याला समांतर चर असतो, पाणी साचलेला, कडेला शिंपल्यांचा चुरा. भरतीला पाणी आधी तिथून वर चढतं आणि खाणं शोधत मासेही तिथूनच येतात. त्या चरासमोर कोरड्या वाळूत काठी रोवून ठेवायची आणि घरी जाऊन चहा प्यायचा. हेही बघून ठेवायचं की आपण ज्या उंचवट्यावर उभे राहणार त्याच्या मागच्या बाजूने पाणी भरणार नाही ना. उधाणाच्या भरतीला मागचा रस्ता कधी गेला ते अंधारात कळत नाही.

आणि आता माझा धंदा. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. रंग आणि बारकावे बघणाऱ्या शंकूपेशींची तयारी आठ-दहा मिनिटांत थांबते, पुढचं काम अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडपेशींचं. पांढरी बॅटरी एकदा डोळ्यावर आली की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेड दंडपेशींना जवळजवळ जाणवत नाही, म्हणून कपाळावरची बॅटरी लाल हवी. दुसरं, दृष्टिपटलाच्या अगदी मध्यात दंडपेशी नसतातच. त्यामुळे अंधारात रॉडच्या टोकाकडे सरळ बघाल तर टोक नाहीसं होतं. किंचित बाजूला बघा, दिसतं. टोकाला मी रेडियमची पट्टी आणि काडीएवढा दिवा लावते, तरीही नजर हातभर बाजूला. नोव्हेंबरपासून मेपर्यंत कासवं अंडी घालायला आणि पिल्लं निघायला या किनाऱ्यांवर असतात, उजेडाने पिल्लांची दिशा चुकते. तेव्हा पांढरा दिवा खिशातून काढायचाच नाही.

एवढं ज्ञान असलेल्या बाईने काय करावं? रॉडच्या मुठीवर पांढरी टेप गुंडाळून, तिच्यावर लाल नेलपॉलिशने खुणा केल्या. लीडर इथपर्यंत, शिसं इथपर्यंत लोंबवायचं, अशा. पुळणीवर गेले, लाल बॅटरी लावली आणि सगळ्या खुणा गायब. लाल उजेडात पांढरं आणि लाल सारखंच दिसतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. मामा हसला नाही. त्याने खिशातून दोन रबरबँड काढले आणि त्या जागी गुंडाळून दिले. “बोटाला दिसतं गो,” म्हणाला.

चाळिशी लागलेल्यांसाठी आणखी एक. लाल उजेडात गळाच्या भोकात दोर ओवणं अशक्य आहे, जवळच्या चष्म्यानेही. गळ बांधलेले चार-पाच तुकडे पुण्यातच करून, एकेक वेगळ्या पिशवीत भरून न्या. तिथे फक्त क्लिप अडकवायची. आणि चष्म्यावर खारा तुषार वाळला तर ओढणीने पुसू नका. मिठाचे कण काचेवरचं कोटिंग खरवडतात. आधी गोडं पाणी, मग फडकं. जानेवारीत मी अशा किती काचा बदलून देते विचारू नका.

पहिल्या खऱ्या रात्री मी आठ वाजता १०० पावलांवर फेकत होते. मामा डावीकडे वीस पावलांवर बसलेला, त्याचं शिसं गुडघाभर पाण्याच्या पलीकडे. दहापर्यंत त्याला एक शिंगाळा आणि तीन ढोमे. मला पाणी. मामा काही बोलला नाही, तो कधीच बोलत नाही, फक्त ढोमा हातात घेऊन माझ्या कानाशी धरला. ढोमा हातात डमरूसारखा वाजतो, पोटातल्या हवेच्या पिशवीने. मग मी संध्याकाळी रोवलेली काठी शोधली. चर माझ्यापासून पस्तीस पावलांवर होता. दोन तास मी माशांच्या डोक्यावरून फेकत होते. रात्री ते भरतीबरोबर अगदी कडेला येतात, उजेडात येत नाहीत तिथपर्यंत. भूगावच्या माळावरची ११० पावलं उगीचच. अर्ध्या जोराने फेकायचा सराव मी केलाच नव्हता, आणि अर्धा जोर जास्त अवघड असतो.

शिंगाळ्याबद्दल इशारा. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यात विष असतं. हाताने धरू नका, पक्कड घ्या. मला अंगठ्याला लागला तेव्हा मामीने सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला. अर्ध्या तासाने मी माणसासारखी बोलायला लागले. तसंच पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, घसटत न्या. खाली पाकट, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, असेल तर सरकून जाते.

आणि दुसऱ्या दिवशीची रात्र. ही मला अजून स्वप्नात येते. वारा सुटला होता. दोर गुंडाळून घेतला, नवीन कोळंबी लावली, मागे बघितलं, “फेकतेय” ओरडले आणि फेकलं. फट् असा आवाज झाला. पाण्यात काही पडल्याचा आवाज आला नाही. वाऱ्याने सैल दोराचा एक वेढा रॉडच्या टोकाला बसला होता, मला तो दिसला नाही, आणि लीडर तिथेच तुटला. १०० ग्रॅम शिसं आणि गळ कुठेतरी अंधारात. नवरा मागे चटईवर होता. मी हाक मारली. त्याने ओ द्यायला चार सेकंद लावली, झोपलेला होता. सकाळी ओहोटीला ते शिसं मामाला सापडलं. माझ्या उजव्या हाताला चाळीस पावलांवर, कोरड्या वाळूत, कुणाच्यातरी चपलांच्या ठशांच्या बाजूला.

तेव्हापासून प्रत्येक फेकीच्या आधी, कमान उघडल्यावर, मी बोट क्षणभर सैल करते. शिसं दोन बोटं खाली उतरलं तर दोर मोकळा आहे. नाही उतरलं तर फेक नाही. यात डोळ्याचं काम नाही. आकाशात वीज दिसली तर रॉड खाली ठेवून गाडीत जाऊन बसते, तो कार्बनचा आहे आणि वीज त्यातून छान वाहते. ऑक्टोबरात परतीच्या पावसात असं दोनदा झालं.

मामाला गेली तीन वर्षं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी दर खेपेला सांगायचे, तो दर खेपेला पुढची अमावास्या काढायचा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात त्याच्या पोफळी आडव्या झाल्या, त्यानंतर बागेत बघण्यासारखं काही उरलं नाही, असं त्याचं म्हणणं. तंगूस बोटावर धरायला डोळे कशाला. शेवटी या फेब्रुवारीत मामीने त्याला एसटीत बसवलं आणि पुण्यात उजवा डोळा झाला. डॉक्टरांनी महिनाभर वाळूवाऱ्यात जायचं नाही म्हणून सांगितलं. ते दिवस तो आमच्याकडे राहिला, दुकानात खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना मुळीच नको असलेल्या फ्रेम सुचवत.

एप्रिलच्या अमावास्येला आम्ही तिघं पुळणीवर होतो. पाइप ठोकला, रॉड उभा केला, पस्तीस पावलांवर अर्ध्या जोराने टाकलेलं. मामा माझ्या शेजारी उकिडवा. बऱ्याच वेळाने म्हणाला, “तुझ्या काठीच्या शेंड्याला हिरवं काय गो?”

“दिवा आहे मामा. गेली चार वर्षं आहे.”

“असं होय,” म्हणाला. मग डावा डोळा हाताने झाकला, उघडला, पुन्हा झाकला. तेवढ्यात ते हिरवं दोनदा खाली गेलं आणि मामा माझ्याआधी ओरडला.